खाडीकडे घर घेऊ नका

पनवेलच्या दवाखान्यात नर्स म्हणून माझी बदली झाली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. पन्नास सालानंतरची ही गोष्ट, चार-पाच वर्षं इकडेतिकडे. मी घाटावरची. समुद्र नकाशात पाहिलेला आणि मासा पाठ्यपुस्तकात. एसटीतून ट्रंक उतरवून दवाखान्यात हजर झाले, तर तिथल्या कारकुनानं माझे कागद बाजूला सारले आणि विचारलं, "घर कुठल्या बाजूला बघताय?"

मला काय ठाऊक, गावाला बाजू असतात ते! पण त्यानं लगेच ज्ञान दिलं. वरची आळी म्हणजे सभ्य वस्ती. तिथे तळं, देऊळ, विहिरीला गोडं पाणी, सगळी पेन्शनर माणसं. आणि खाडीकडची बाजू म्हणजे कोळीवाडा आणि त्यापलीकडे मिठागरवाले. तिकडे वास, डास आणि भांडणं. "एकट्या बाईनं खाडीकडे घर घेऊ नये," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "लग्नं अडतात त्यानं."

डॉक्टर म्हातारे होते, मोजकं बोलायचे. ते एवढंच म्हणाले, "घर कुठेही घ्या बाई. माणसाला धावत येऊन तुमचं दार वाजवता आलं पाहिजे. आपल्याकडे दहांतल्या आठ जणी अडल्यावरच बोलावणं धाडतात." मी मान हलवली आणि कारकुनाचं ऐकलं. चोविसाव्या वर्षी लग्न अडेल म्हटल्यावर कोण डॉक्टरांचं ऐकतंय!

घरमालक झोपाळ्यावर बसून मुलाखत घेत होते. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, पण झोपाळ्यावरचा रुबाब कलेक्टरचा. भाड्याचं बोलणं एका मिनिटात आटपलं. अटींना तासभर लागला. घरात मासळी येता कामा नये, मासळीचं नावही निघता कामा नये. बाळंतपण करून आलं की पुढच्या दारानं यायचं नाही. मागल्या अंगणात उभं राहायचं, विहिरीला हात लावायचा नाही, त्यांच्या मंडळी वरून दोन बादल्या ओततील, मग घरात. मला बोलवायला येणाऱ्या माणसानं फाटकाबाहेर थांबायचं. आणि दुपारी एक ते चार हाका मारायच्या नाहीत, कारण ती त्यांची झोपेची वेळ.

"पण बाळंतपण काही वेळ बघून येत नाही," मी म्हटलं.

"शक्यतो सकाळची घ्या," ते म्हणाले. अगदी गंभीरपणे!

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून मी सगळ्या अटी कबूल केल्या. त्या खोलीला हवा छान होती हो, आणि खिडकीतून तळं दिसायचं.

आळीचं सोवळं मोठं बघण्यासारखं होतं. रोज दहाच्या सुमाराला एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन मागच्या बोळानं यायची. पुढच्या दारी तिचं नाव काढायचं नाही, पण मागच्या दारांच्या कड्या एकेक करून निघायच्या. "मांजरासाठी हवेत गं," असं प्रत्येक घरातून सांगितलं जायचं. मांजरासाठी पापलेट! मांजरासाठी कोलंबी, तीही सोललेली! अख्ख्या आळीत मांजर एकच, तेही देवळातल्या पुजाऱ्याचं आणि दूधभातावर वाढलेलं. आमच्या मालकांना डॉक्टरांनी म्हणे प्रकृतीसाठी सुकट सांगितली होती. कुठल्या डॉक्टरांनी, ते मी विचारलं नाही. आमच्या डॉक्टरांनी तर नक्की नाही.

दोन महिन्यांत मी मुरले. दोन बादल्यांची सवय झाली. मालकीणबाई पाणी ओतता ओतता "मुलगा की मुलगी?" विचारायच्या आणि मुलगी म्हटलं की पाणी जरा जोरात ओतायच्या. खाडीकडची बोलावणी मात्र कमी येत. मला वाटे, त्यांची त्यांची सुईण असेल. बरंच आहे, असंही वाटे. खोटं कशाला बोलू?

दसरा उलटून गेला होता, उन्हानं जीव नकोसा झाला होता. मी खोलीत बसून पोलक्याला गुंड्या लावत होते. चारच्या पुढे झोपाळ्याच्या कड्या वाजल्या, मालकांनी खाकरून घसा साफ केला, बशीत ओतून चहा घेतला. मग हाक आली, "अहो बाई, तुमच्याकडे कोणीतरी आलंय वाटतं. बराच वेळ बसलाय."

फाटकाबाहेर एक तरणा माणूस उकिडवा बसला होता. पिंढऱ्यांवर मिठाचे पांढरे थर. मला बघून झटकन उभा राहिला. म्हणाला, "बाय, बायको अडलीय. पोराचा पाय आलाय भायेर."

"कधी आलास तू?"

"दोनाला आलो. त्या आईंनी खुणावलं, मालक निजलेत म्हणून. मंग बसलो."

दोन तास! माझं दार त्याच्यापासून वीस पावलांवर होतं. मी जागी होते. गुंड्या लावत होते! मालकीणबाईंनी ओठावर बोट ठेवलं आणि हा शहाणा माणूस एका पेन्शनराची झोप मोडू नये म्हणून भर उन्हात बसून राहिला. वाटेत मी धावत होते आणि तो माझीच माफी मागत होता, बाय, ऊन लई हाय, तुमाला तरास झाला.

पोर पायाळू होतं. अंग बाहेर आलेलं, डोकं अडकलेलं. बाईला मी वाचवलं. मुलगी गेली. पूर्ण दिवसांची होती, डोक्यावर दाट जावळ. तासभर आधी हात लागता तर रडली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे.

संध्याकाळी परत आले तर मालक फाटकाशी उभे. "झालं का सुखरूप?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "ईश्वरेच्छा," ते म्हणाले, "मागे दोन बादल्या काढून ठेवल्यात हो."

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. आळीनं ते पुढे वर्षभर चघळलं. पण खरं सांगते, माझा राग निम्मा त्यांच्यावर आणि निम्मा माझ्यावर होता. अटी त्यांनी घातल्या असतील, कबूल तर मीच केल्या होत्या, आणि तेही हसत हसत. लाज वाटली मला. पुरती लाज वाटली.

आठवड्याच्या आत मी कोळीवाड्यातल्या एका म्हातारीची खोली घेतली. तिनंही मुलाखत घेतली, पण प्रश्न एकच. "मासली खातंस?"

"नाही."

"नाय? अगो बाय, मंग जगतंस कशी?" एवढं बोलून तिनं किल्ली हातात दिली. कुलूप नव्हतंच, किल्ली नुसतीच होती. पहिले चार दिवस मी नाकाला कापूर लावून हिंडले. पाचव्या दिवशी कापूर संपला आणि नाकानंही हात टेकले. कारकुनानं कपाळाला हात लावला. लग्न अडायचं होतं ते काही अडलं नाही, पण तो विषय निराळा.

पुढल्या वर्षी एका दुपारी मी जेवायला बसले होते. पहिला घास तोंडात, तोच दार धाडकन उघडलं. ना हाक, ना कडी. मिठागराच्या चिखलात गुडघ्यापर्यंत माखलेला तोच माणूस थेट माझ्या चुलीपर्यंत आत आला. कोपऱ्यातली माझी बाळंतपणाची पेटी उचलून त्यानं खांद्याला मारली. मागल्या खेपेला मला तुमी म्हणणारा तो, आता नुसतं "चल" म्हणाला. खरकट्या हातानं मी त्याच्यामागे पळत सुटले.

जाऊन बघते तर त्याच्या बायकोला कळा नुकत्याच सुरू झालेल्या. मला बघून ती चक्क हसली. मी त्याला बाहेर घेऊन सांगितलं, "अरे, अजून पाच-सहा तास आहेत. मी जेवून येते."

"नाय," तो म्हणाला. पेटी त्यानं अजून खांद्यावरच धरली होती. "तू हितंच बस."

मी बसले.