स्कॉटलंडचं प्रस्थान

दादाने आईवडिलांना स्कॉटलंडला बोलावलं, ते चाकांवरच्या घरातून हिंडायला. एकोणीसशे सत्तरनंतरची वर्षं होती. दादा तिकडे डॉक्टर होऊन तिकडचाच झाला होता, लग्नही तिकडच्याच मुलीशी केलं होतं. आईने सून पाहिली ती फक्त फोटोत. त्याने लिहिलं होतं, मोटारीच्या मागे जोडायची एक खोली मिळते, तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. तीत झोपायचं, तीतच रांधायचं आणि तळी, डोंगर, मेंढरं बघत पंधरवडाभर फिरायचं. तिकिटं तो पाठवणार होता.

पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मेंढरं बघायला इमानानं जायचं व्हय? सांगोल्याकडं काय कमी हायत?"

पण लगेच तिचं डोकं चालू लागलं. लहानपणी ती तिच्या वडिलांबरोबर छपराच्या बैलगाडीतून जत्रेला जायची. वाटेत मुक्काम, तीन दगडांची चूल, रात्री गाडीखाली झोप. त्यामुळे कॅरॅव्हॅनची आमच्या घरातली एकमेव जाणकार तीच, असं तिने ठरवून टाकलं. मी कॉलेजातून नकाशा आणला, तो तिने बाजूला सारला. "वाट त्याला ठावं हाय. सामान कुटं ठिवायचं त्ये सांग."

दादाने खोलीची लांबीरुंदी लिहिली होती. आईने अंगणात रांगोळीने तेवढा चौकोन काढला. त्यात स्टोव्ह मांडला, वळकट्या ठेवल्या, वडिलांसाठी पाट टाकला आणि तिथे बसून पिठलं केलं. वडिलांचा पाय रेषेबाहेर गेला की ओरडायची, "अवं, गाडीतनं पडचाल की!" गल्लीतल्या बायका कडेला उभ्या राहून पोट धरून हसत होत्या आणि आई त्यांच्यापेक्षा जास्त हसत होती. संडास खोलीतच असतो हे मी वाचलं तेव्हा मात्र तिने तोंडाला पदर लावला. चूल आणि ते एका छपराखाली? तिने निकाल दिला, की आपण तांब्या घेऊन डोंगरात जाऊ. मला लाज वाटली, पण ती हसण्यावारी नेण्यासारखी होती. खरी लाज पुढे होती.

आईला डोंगर बघायचेच नव्हते. तिला सुनेची ओटी भरायची होती, तिच्या घरात, तिच्या देवापुढे, देव नसला तर चुलीपुढे. त्यासाठी तिने हिरवं इरकल लुगडं आणून ठेवलं. कडक भाकऱ्यांची चळत रचली, शेंगांची चटणी कुटली. चांगला मुहूर्त निघायच्या दिवसाच्या बराच आधी येत होता, म्हणून तिने प्रस्थान ठेवलं. म्हणजे इरकल, खण, नारळ आणि हळकुंड-सुपारी एका गाठोड्यात बांधून मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की प्रवास सुरू झाला असं मानायचं, माणूस मागाहून निघालं तरी चालतं. आमचं गाठोडं गेलं शेजारच्या अक्कांकडे. त्या तेलुगू, त्यांचे यजमान कापडाचे मागवाले, आणि गल्लीतला एकुलता टेलिफोन त्यांच्याकडे.

वडिलांनी दादाला सगळं कळवलं आणि शेवटी आईचा प्रश्न घातला: तुझ्या घरी कोणत्या दिवशी पोचायचं? ओटीला वार बघावा लागतो.

त्याचं उत्तर ट्रंककॉलने आलं. रविवारी दुपारी अक्कांच्या मुलीने हाक मारली आणि आमच्या मागोमाग निम्मी गल्ली त्यांच्या सोप्यात शिरली. आईने फोन कधी हातात धरला नव्हता. रिसीव्हर मी धरला, तिच्या आणि माझ्या कानाच्या मधोमध. त्यामुळे दादा काय बोलला ते आम्हा दोघींनाच ऐकू आलं.

"आई, घरी यायची गरजच पडणार नाही. विमानतळावरून थेट कॅरॅव्हॅन. परत जातानाही तसंच. तुम्हाला मोकळं वाटेल. घरात तिला जरा सवय नाही. वास वगैरे. तिची माणसं येत-जात असतात."

"वटी तरी भरू दे की रं," आई म्हणाली. "उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन भरते. आत न्हाई येत."

मग दादा म्हणाला, "ती येईल ना एखादा दिवस गाडीपाशी. तिथंच उरकू."

वहिनीला दोष देणं सोपं होतं. पण बोलत होता दादा, आणि अगदी सहज. लाज त्याला आमची वाटत होती. मला त्याची इतकी लाज वाटली, की हातातला रिसीव्हर भिंतीवर आपटावासा वाटला. सोप्यातली माणसं मात्र हसऱ्या तोंडाने आमच्याकडे बघत होती, परदेशातून पोराचा फोन आला म्हणून.

आईने त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बया, इसरलेच की! आरं, मला गाडी लागती न्हवं? चालत्या घरात पंधरा दिस मला न्हाई निभायचं. तुमी दोगं फिरून या. आमी हितं बरं हाओत."

मग तिने वडिलांकडे रिसीव्हर द्यायची खूण केली. यष्टीत बसल्या बसल्या फराळाचा डबा उघडणारी बायको त्यांना काय ठाऊक नव्हती! त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, खाली मान घातली आणि फोनमध्ये म्हणाले, "हो रे. लागते तिला गाडी." वडिलांना खोटं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

अक्कांनी देवघरातून गाठोडं आणलं, पण देईनात. "प्रस्थान परत नेऊ नये," म्हणाल्या. "गाडीच लागती, त्याला काय करनार?" म्हणत आईने ते काखेत मारलं आणि पुढच्या दाराने निघाली. ओट्याओट्यावर तिला थांबवलं गेलं आणि प्रत्येक ओट्यावर तिने तेच सांगितलं, हसत. मागून चालताना मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्या कडक भाकऱ्या आम्ही पुढे कितीतरी दिवस आमटीत कुस्करून खाल्ल्या.

दादाला ते खरंच वाटलं. ओळखीचं कोणी इकडे येत होतं, त्यांच्याबरोबर त्याने गोळ्या पाठवल्या. गाडी लागू नये म्हणून, चांगल्या पुष्कळ. सोबतच्या चिठ्ठीत कशा घ्यायच्या ते लिहिलेलं, आणि त्यांनी झोप येते हेही. वडील चप्पल घालून बाहेर निघून गेले. आई गोळ्या घेऊन अक्कांकडे गेली. "बगा, पोराला किती काळजी! लगीच औषद पाटवलं."

त्या उन्हाळ्यात अकलूजला एका लग्नाला आम्ही यष्टीने गेलो, अक्काही बरोबर होत्या. गाडीत बसायच्या आधी आईने पिशवीतून गोळी काढली आणि अक्कांच्या देखत पाण्याबरोबर गिळली. शहर मागे पडलं न पडलं तोच ती माझ्या खांद्यावर कलंडली. वाटेत गाडी थांबली, पेरूवाल्या बायका खिडक्यांशी आल्या, सगळ्यांनी पेरू घेतले. ती तोंड उघडं टाकून झोपलेली, जड, एखाद्या आजारी माणसासारखी.

अक्का पेरू खाता खाता तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "अक्कलकोटला माझ्याबरोबर आली होती, तेव्हा सगळ्या वाटेनं चिवडा खात होती. कधीपासून लागते गं गाडी तिला?"

"पहिल्यापासूनच," मी म्हणाले.