कवळीचा पुरावा

तहसील कचेरीबाहेर गेली बावीस वर्षे मी अर्ज लिहून देतो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणास्तव परत आल्याचे मला स्मरत नाही. सकाळी पंचवटीतील आमच्या घरीही अर्जदार येऊन बसतात. त्यांना आपले बोळके दिसू नये म्हणून आई नवी कवळी झोपेतही काढत नसे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या तोंडाची आग होऊ लागली. आधी भाकरी सुटली, मग साधे वरणही झोंबू लागले. ओठांचे कोपरे फाटले. पत्नी म्हणाली, "आईंना डॉक्टरांकडे न्या." परंतु कवळीचा मालच निकृष्ट आहे, असा निष्कर्ष मी काढून ठेवला होता. कवळी बसवून देणाऱ्याविरुद्ध मी अडीच पानांची तक्रार लिहिली, आईची सही घेतली आणि ती तहसील कचेरीत समक्ष सादर केली. कवळी हा या प्रकरणातील मुख्य पुरावा. सबब चौकशी होईपर्यंत ती घासायची नाही, धुवायची नाही, अशी सक्त ताकीद मी आईला दिली.

उत्तराची वाट पाहण्यात तीन आठवडे गेले. आई नुसत्या ताकावर आली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

"त्यांच्या पोटात काही नाही, आणि तुम्ही अर्जाची पोहोच जपत बसलात!" असे म्हणून पत्नीने रिक्षा बोलावली. मी मुकाट्याने मागे बसलो.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी काढली. टाळू लालभडक झाला होता. कडेला पांढरे चट्टे होते.

"आजी, ही रात्री काढता ना?"

"नाय बाई. आता तर धुवायचीबी नाय. आमच्या साहेबांचा हुकूम हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी पुराव्याचा मुद्दा मांडू लागलो.

"कवळीत काही खोट नाही," बाई म्हणाल्या. "ती सतत तोंडात राहिली, साफ झाली नाही, म्हणून आत बुरशी वाढलीय."

"लोणच्याला धरती तशी?" आईने विचारले.

"तशीच समजा."

त्यांनी औषधाचे थेंब दिले, रक्तातली साखर तपासायला सांगितली. पुढे रोज कवळी घासावी, रात्री काढून पाण्यात ठेवावी; मात्र तूर्त काही दिवस ती घालूच नये, असे बजावले. आईने पदर तोंडावर ओढून घेतला.

घरी दोघे अर्जदार ओट्यावर बसले होते. त्यांना मी कचेरीकडे पाठवले व दार लावून घेतले. तरीही आई तोंडावर पदर धरूनच बसली. पत्नीने दूधभात मऊ कालवून वाटी तिच्यापुढे ठेवली.

"आता कोणी येणार नाही, आई. मीच आहे."

"तुझ्यापुढंच नको," ती पदराआडून म्हणाली. "तू लगेच लिहून काढशील. जा बाहेर."

मी बाहेर आलो, आणि वाटीत चमचा वाजतो का ते ऐकत दाराशी उभा राहिलो.