कानात सांगायची चूक

उभ्या माळव्यात माझ्या मावसभावाइतका मन लावून चुका करणारा माणूस दुसरा झाला नसेल. इतरांच्या हातून चुका होतात. हा त्या करायचा, आदल्या संध्याकाळी नीट ठरवून. नालछ्याच्या पुढे, मांडूच्या रस्त्यापासून बऱ्याच आत, एका खोलीच्या सरकारी शाळेत तो मास्तर होता. रोज सकाळी फळ्यावर तो एक चूक पेरून ठेवी. कधी सूर्य पश्चिमेला उगवे, कधी गाईला सहा पाय फुटत, कधी नर्मदा उलटी वाहू लागे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुलांनी ती शोधायची. मात्र सापडली तरी मोठ्यानं बोलायचं नाही. हळूच उठायचं, गुरुजींच्या कानात सांगायचं आणि गप्प जागेवर येऊन बसायचं. "जोरात बोलला तो बाकीच्यांचं शोधणं हिसकावून घेतो," असं त्याचं म्हणणं. सहा वर्षांच्या पोरालाही तो "क्यों भिया, मिली क्या?" असं बरोबरीच्या नात्यानं विचारी, आणि पोरंही पोक्त माणसासारखी मान डोलावत.

हे वेड शाळेच्या भिंतींत राहतं तर ठीक होतं. पण माझ्या मुलीच्या लग्नात यानं व्याह्यांच्या मोठ्या भावाची ओळख सगळ्यांना 'मुलाकडचे आचारी' म्हणून करून दिली आणि कोण हटकतं ते बघत मांडवभर हिंडला. कुणीच हटकलं नाही. दोघातिघांनी तर त्या गृहस्थांना जिलबीचा भाव विचारला. सत्यनारायणाला भटजींना चुकीची तिथी सांगून तो त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसे. त्याची बायको सांगायची, "यांना बिनमिठाची आमटी वाढली ना भाऊजी, तर रागवायचे सोडून म्हणतात, शाब्बास, आजची मला सापडली!"

आम्ही हसायचो. पण त्या पोरांची नजर काय तयार झाली होती! सगळी मजुरांची, छोट्या शेतकऱ्यांची लेकरं. घरी भिलीत नाहीतर माळवीत बोलणारी. पण बसच्या पाटीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत दिसेल ते वाचायची आणि वाचलेल्यावर संशय घ्यायची. एकदा पंधरा ऑगस्टला सरपंचांनी भाषणात 'आज गणतंत्र दिवस' म्हटलं. एकही मूल हसलं नाही. भाषण संपल्यावर एक चिमुरडी व्यासपीठावर चढली, सरपंचांच्या फेट्याखाली तोंड घालून काहीतरी कुजबुजली आणि खाली उतरून रांगेत उभी राहिली. सरपंच पुढे महिनाभर शाळेच्या वाटेला गेले नाहीत.

मी तेव्हा तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात होतो. नवे साहेब शाळांचा दर्जा तपासायला निघाले आणि मी जीपमध्ये त्यांच्या शेजारी. धारला घरी बायको आजारी, माझी बदली या साहेबांच्या हातात. अशा वेळी हा वेडा आपला भाऊ आहे हे कळू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्या दिवशी फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा होता आणि दक्षिणेचं मांडू धारच्या उत्तरेला, वर टेकवलेलं. साहेबांनी खडूनं तिथं टकटक केलं. "यह नक्शा सही है?" मुलं चिडीचूप. एकीनं हसू दाबायला तोंडावर हात घेतला. "अरे, बोलो तो!" कुणी बोलेना. मावसभाऊही बोलला नाही. तो माझ्याकडे बघत होता. मला नियम ठाऊक होता. साहेबांच्या कानाशी झुकून दोन वाक्यं बोलायची, एवढंच माझं काम होतं. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"मांडू की बगल में रहते हैं और मांडू का पता नहीं! मास्टर को ही नहीं मालूम!" साहेब जीपमध्ये म्हणाले आणि खदखदून हसले. मीही हसलो. पुढे कचेरीत, लग्नामुंजीत हा किस्सा मीच रंगवून सांगत आलो.

शिक्षणाचा दर्जा निकृष्ट ठरला, पटही कमी होता, शाळा बंद झाली. मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घातलं. लहानग्यांचे आईबाप त्यांना तो रस्ता एकट्यानं ओलांडू देईनात, ती घरीच राहिली. मावसभावाला पुस्तकांच्या गोदामावर बसवलं. माझी बदली धारला झाली.

आता तो देवासला असतो. बायको गेली, मुलगी पुण्याला. माझंही घर रिकामंच. गेल्या महिन्यात मुद्दाम गेलो आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हा चिडेल, निदान गप्प तरी होईल.

"अरे, माहीत आहे मला," तो म्हणाला. "तुमची जीप गेली आणि पोरांनी मला घेरलं. ती तोंडावर हात घेणारी म्हणाली, 'गुरुजी, साहब को नहीं मिली। पर साथवाले बाबूजी को मिल गई थी। वो नीचे देखने लगे थे।'"

"मग? तू काय म्हणालास?"

"म्हटलं, हाँ, मिल गई थी। पर वो नियम के पक्के हैं, इसलिए नहीं बोले।" तो पुढे सांगू लागला. "पोरं फार खूश झाली रे. म्हणाली, उनको फिर लाना।"

तो चहा टाकायला आत गेला.

नालछ्याकडच्या बसमध्ये कधी एखादा तरुण उठतो, "बैठो बाबूजी" म्हणून जागा देतो. मी बसतो. त्याचा चेहरा निरखतो, वयाचा अंदाज घेतो. शाळा कुठली, एवढं विचारायचं असतं. मग माझा थांबा येतो आणि मी उतरतो.