कूलरच्या वायरीला शेंगतेल

कूलरची वायर पाइपातून सहज सरकावी म्हणून मी सासरच्या भिंतीत किलोभर शेंगतेल ओतलं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी धाकट्या मेव्हण्याचा साखरपुडा होता. त्यासाठी सासूबाईंनी पुढच्या खोलीला पिस्ता रंग दिला होता. रंग त्यांनी स्वतः निवडलेला, पेंटरच्या पाठीमागे दोन दिवस उभं राहून लावून घेतलेला. मुलीकडची मंडळी याच खोलीत बसणार, आणि भर मे महिन्यात कूलरशिवाय बसवायचं तरी कसं? कूलर आणून खिडकीत बसवला होता. बांधकामापासून भिंतीत पाइपही होता. फक्त त्यातून वायर ओढायची राहिली होती, आणि वायरमन खांडबाऱ्याच्या कामात अडकलेला.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. "मी ओढतो."

मी अक्कलकुव्याला शाळेत विज्ञान शिकवतो. घर्षणाचा धडा मला पुस्तक न उघडता येतो. शिवाय आमच्याकडे जावयाला तोंडावर 'नको' म्हणायची पद्धत नाही. सासूबाई तर माझ्याशी थेट बोलतच नाहीत. लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी पदर कपाळावर ओढून त्या जे काही सांगायचं ते माझ्या बायकोला सांगतात.

"त्यास्ले सांग, वायरमन परवा येवाव शे," त्या तिला म्हणाल्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

"ऐकलंत ना?" बायको म्हणाली.

मला निरोप अजून पोचायचाच होता, त्यामुळे मी स्टुलावर चढलो.

वायर निम्म्यात गेली आणि पाइपाच्या वळणावर अडली. खाली मेव्हणा वायरीच्या टोकाला बांधलेली तार धरून ओढत होता.

"दाजी, हाली नही ऱ्हायनी."

मग मी स्वयंपाकघरातून तेलाचा डबा आणि नरसाळं मागवलं. थोडं ओतलं, वायर बोटभर हलली. बोटभराला एवढं, तर हातभराला किती, असा हिशेब करत डबा संपवला. वायर सुळकन बाहेर आली. कूलर सुरू झाला. मला आलं घातलेला चहा मिळाला आणि मेव्हण्याला घर्षणावर व्याख्यान.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वळणाच्या जागी तळहाताएवढा तपकिरी डाग होता. संध्याकाळपर्यंत त्याला शेपूट फुटलं. गवंड्यानं पाइपाचे सांधे चिकटवलेच नव्हते, आणि तेल भिंत पीत बसली होती. शनिवारी वायरमन आला. त्यानं डागावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"सर, आम्ही वायरले साबण घासतस. तेल भजासले ऱ्हास."

तेलावर रंग धरेना. शेवटी बायकोनं आपली जरीची साडी आणून डागावर पडद्यासारखी टांगली. सासूबाई त्या दिवशी बायकोमार्फतही माझ्याशी काही बोलल्या नाहीत.

रविवारी खोली भरली. साडीची सजावट सगळ्यांना आवडली. मग कोणीतरी कूलर जोरात केला. तो चालत होता छान, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण त्याच्या वाऱ्यानं साडी फुगली, वर उचलली गेली आणि तशीच तरंगत राहिली. पिस्ता भिंतीवर माझं काम छतापासून बटणापर्यंत दिसू लागलं.

"या भीतले काय व्हयनं?" मुलीच्या काकांनी विचारलं.

सासरे पंख्याकडे बघू लागले. मेव्हणा रुमालाची घडी घालू लागला. जावयाचं नाव चारचौघांत कोण घेणार?

सासूबाई सरबताचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदर दोन बोटं मागे सारला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"पाव्हना, शाळामा पोऱ्यास्ले बी असंच शिकाडतस का?"