सुवैदनं न ऐकता दिलेला शब्द

सुवैद बिन रुवैशिद मला खरं तर फारसा कळलाच नाही. त्याच्या गलबतांच्या कारखान्यासमोर माझं दोर-खिळ्यांचं दुकान, म्हणून तो रोज दिसायचा, एवढंच. मला लिहायची सवय नाही, आणि जे लिहितोय ते बरोबर आहे की नाही याचीही खात्री नाही. पण सुवैद आता नाही, आणि त्याच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

ओमानमधल्या सूर बंदराच्या खाडीवरचा तो कारखाना त्याच्या वडिलांचा. तिथला सुतार बीरान, केरळातल्या बेपूरचा. परदेशी माणसाला आमच्याकडे राहायचं तर इथल्या मालकानं त्याची हमी घ्यावी लागते. असा मालक म्हणजे कफील. बीरान तरुणपणी सुवैदच्या हमीवर आला आणि त्याच हमीवर म्हातारा झाला. हमीची मुदत संपत आली की सुवैद धुतलेला झगा घालून कचेरीत जायचा आणि ती वाढवून आणायचा. परत आल्यावर बीरान आपल्या या अरबाबला, मालकालाच, रागावायचा, “अरबाब, एवढा वेळ? ही फळी कोण धरणार?” आणि सुवैद मुकाट्यानं फळी धरायचा.

पुढं लाकडी गलबतं कुणी मागेना. शेवटचं एक गलबत गिऱ्हाईक न आल्यानं वाळूवर तसंच अर्धवट उभं राहिलं. दोघं त्यावरच हळूहळू काम करत, आणि दुपारी त्याच्या पोटात सावलीला झोपत.

“एकच स्वप्न पडतं,” सुवैद मला एकदा म्हणाला. “भरतीचं पाणी येतं, आम्ही झोपलेलेच, आणि गलबत आपोआप निघतं. कुठं जातं ते कळायच्या आत जाग येते.”

“बीरानलाही तेच पडतं का?”

“विचारलं नाही. तो घोरतो.”

मग एका वर्षी कचेरीतला मुलगा म्हणाला, “चाचा, कारखान्यात काम कुठंय? आता मुदत वाढायची नाही. मात्र इतकी वर्षं राहिलेल्या माणसासाठी मालकानंच अर्ज केला, तर कायमचं राहायला मिळू शकतं. बघा.”

तो सगळा हिवाळा सुवैद मस्कतच्या खेपा घालत होता. बीरानला काही सांगितलं नव्हतं; होकार आला की सांगू, म्हणे. मी एकदा चेष्टेनं विचारलं, “तो तुझ्या हमीवर आहे की तू त्याच्या?”

“कुणास ठाऊक,” तो हसला. “तो नसला तर सकाळी मी कुणाच्या हमीवर उठू?”

होकार आला त्या दिवशी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर त्यानं मला कॉफीला बोलावलं. गलबताच्या सावलीत चटई, खजूर, पितळी किटली. पाण्यावर ऊन असं पसरलं होतं की पलीकडचं ऐजा गाव तरंगतंय असं वाटावं. सुवैदचा हात सारखा छातीवरच्या खिशाकडे जात होता. त्यानं बीरानला कॉफी ओतून दिली. बीराननं पेला तोंडाला न लावता वाळूवर ठेवला.

ज्याला काही मागायचं असतं, तो आमच्यात होकार मिळेपर्यंत पेल्याला तोंड लावत नाही.

सुवैद खूश झाला. “बघ, आमच्यातलाच झाला की हा! पी, बीरान. मागशील ते दिलं.”

“अरबाब, आधी ऐका तरी.”

“ऐकायचं काय त्यात? मला माहितेय. पी म्हणतो ना!”

बीराननं कॉफी संपवली. पुरे म्हणून पेला हलवला. मग म्हणाला, “मला आता घरी पाठवा.”

सुवैदच्या हातात किटली तशीच राहिली. “घरी जाऊन काय करशील?”

“अंगणात बसेन. बायको वाट बघतेय.”

पाणी वाळूला लागून मागं जात होतं.

“दिलं म्हणालो ना,” सुवैद म्हणाला. “मग दिलं.”

मग त्यानं माझा पेला भरला, अगदी काठोकाठ. आमच्यात भरलेला पेला म्हणजे ‘ऊठ आता’. त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी घाईनं पिऊन उठलो. खिशातला होकाराचा कागद त्यानं बीरानला कधीच दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी धुतलेला झगा घालून तो कचेरीत गेला आणि आपली हमी काढून घेऊन आला.

बीरान गेल्यावरही तो दुपारी गलबतात झोपायला जायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर शेवटचा दुकानात आला.

“माशाचं तेल आहे? फळ्या कोरड्या पडल्यात.”

“आहे. डबा देऊ?”

“दे. नाही, राहू दे. एकट्याला उचलायचा नाही. उद्या बघू.”

“बाजूला ठेवतो.”

“ठेव. आज भरती कधी?”

“आता दुपारचीच.”

“मग जातो,” तो म्हणाला. “जरा पडतो.”