कान बघणारा फोटोग्राफर

फोनवर आलेला व्हिडिओ खरा की खोटा, हे तुम्ही कशावरून ठरवता?

खाडीकाठच्या जेसल पार्क वस्तीतला एक फोटोग्राफर कानावरून ठरवतो. पासपोर्ट फोटो काढताना तो आयुष्यभर "कान दिसू द्या" म्हणत आलाय. चेहरे बदलणारी ॲप्स तो स्वतःच्याच फोटोवर चालवून बघतो. "चेहरा सगळी झकास बसवतात, पण कान भलत्याचाच राहतो," तो माझा फोटो काढताना म्हणाला.

तेवढ्यात एक कोळीण मावशी रडत आली. तिच्या मुलीचा घाणेरडा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरत होता आणि मुलीनं कॉलेजला जाणं सोडलं होतं. फोटोग्राफरनं स्वतःच काढलेला मुलीचा जुना पासपोर्ट फोटो शोधून व्हिडिओशेजारी धरला.

"मावशी, कानाची पाळी बघा. ही तुमची पोरगी नाहीच."

"मंग गावाला सांगू, खोटा हाय म्हून?"

"सांगा ना! आणि विचारा, खरा असता तरी पुढे पाठवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?"

मावशीनं डोळे पुसले आणि तिथंच उभ्या उभ्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड केला. हाच प्रश्न तिनं खणखणीत विचारला. "उद्या पोरीला कॉलेजात मीच सोडतंय," असं म्हणून ती निघाली.

तिला एकटीला बोलायला लावू नका. तुमच्या ग्रुपवर असा व्हिडिओ आला, तर स्वतःच्या नावानं लिहा: हे थांबवा.