चंद्री मला धार देईना

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. आमच्या अख्ख्या घराण्यात माझ्याएवढी फजिती कुणाची झाली नसेल, आणि तीही ऐन बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा.

त्या साली दुधाचा दर असा काही वाढत सुटला होता, की दारात गवळ्याची घंटी वाजली, की मी आधी पाकीट चाचपायचो. आधी आमचं रात्रीचं दूध बंद झालं. मग दही फक्त रविवारी. मग चहा इतका कोरा होत गेला, की आलेला माणूस कपात वाकून बघायचा आणि "गडबडीत हाय" म्हणून उठायचा. मी शाहूपुरीतल्या शाळेत मास्तर, राहायला उचगावात. एक दिवस तिरीमिरीत गवळ्याला म्हणालो, "उद्यापासनं येऊ नकोस. म्हैसच घेतो!"

आणि घेतली की! चंद्री तिचं नाव. माझी बायको सुशी शेतकऱ्याघरची. तिचा हात लागला की चंद्री चरवी भरून द्यायची. मी नुसती वैरण टाकायचो आणि गल्लीभर फुशारक्या मारायचो, "आमच्यात दूध इकत आणत न्हाईत!"

पुढे धाकट्या विमलला बघायला कागलकडचे पाहुणे यायचं ठरलं. मुलगा नोकरीवाला, विमलने फोटो बघूनच मनात हो म्हटलेलं. आणि नेमका आदल्या संध्याकाळी निरोप आला, सासूबाई आजारी. सुशी गेली माहेरी.

सकाळी चरवी घेऊन मी बसलो. चंद्रीने माझा वास घेतला आणि लाथ झाडली. रेडकू सोडलं, भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढे ठेवलं, पाठ थोपटली. थेंब नाही!

विमल रडकुंडीला आली. "दादा, पावण्यास्नी कोरा च्या द्यायचा व्हय? मोडलंच मग माझं!"

गवळ्याला हाक मारायची सोय मी ठेवली होती का? तेवढ्यात शेजारचे तातोबाअण्णा कुंपणावरून ओरडले, "मास्तर, एवढं शिकलासा आणि हे ठावं न्हाय? वैनीचं लुगडं नेसा, डोक्यावर पदर घ्या. म्हशीला वैनीच वाटतीया!"

हसू नका! नेसलो. विमलनेच नेसवलं. आणि सांगतो काय, चंद्रीने पान्हा सोडला! चर्र चर्र धार सुरू.

चरवी अर्धी झाली आणि पाठीमागून आवाज आला, "अक्का, मास्तर हायत का घरात?"

मुलाचे वडील! शाळेत भेटून गेले होते, आवाज ओळखला. दहाला येणारा माणूस साडेआठलाच, तोही घरामागच्या परड्याच्या वाटेने. बोललो तर आवाज बाप्याचा, उठलो तर चंद्री दूध आखडणार. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि मान हलवली, नाहीत म्हणून.

"न्हाईत? झ्याक झालं, मोकळं इचारता येईल. पोरीचं समदं चांगलं ऐकलंय. पर भाऊ लई चिक्कट हाय म्हणत्यात. कोरा च्या पाजतोय म्हणं. खरं हाय का?"

मी पुन्हा मान हलवली. कुठल्या बाजूला हलली, देव जाणे.

"वाटलंच! आणि म्हस तुमच्या गळ्यात घालून सोता कुठं हिंडतोय? असला कसला गडी ओ? बाईमाणसानं राबायचं आणि ह्यानं मिशीला पीळ भरायचा?"

मिशी पदराआड घामाने भिजली होती.

म्हातारा मात्र मनाचा मोठा. "अक्का, उठा तुम्ही. मी काढतो धार." म्हणून तो पुढे आला. परका माणूस बघून चंद्री बिथरली, शेपटीचा एक फटकारा मारला आणि माझा पदर गेला खांद्यावर.

पाहुण्यांची छत्रीच हातातून पडली. "आयो! मास्तर?"

"व्हय," मी म्हणालो. "च्यासाठी दूध काढत होतो. इमलीसाठी."

चरवी मी सोडली नव्हती, एवढं लक्षात घ्या.  पाहुणे तिथंच वैरणीच्या पेंढीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, "भणीसाठी लुगडं नेसणारा भाऊ चिक्कट कसला! पोरगी आमची झाली!" इतका आनंद झाला मला, की मी तसाच लुगड्यातच वाकून त्यांच्या पाया पडलो.

सासूबाईंचं दुखणं लांबलं आणि सुशी पंधरा दिवसांनी परतली. तोवर रोजची धार कशी निघाली, ते तुम्ही ओळखलंच असेल.

लग्न दणक्यात झालं. मांडवात व्याह्यांनी सगळ्या बाप्यांना फेटे बांधले. माझं नाव पुकारलं आणि हातात ठेवलं हिरवंगार नऊवारी लुगडं! मांडव नुसता लोळला. मी घाईघाईने ते सुशीपुढे धरलं, "घे, तुलाच हाय."

सुशीने हातसुद्धा लावला नाही.

"मला कशाला? चंद्री आता मला जवळ उभं करून घेती व्हय? सकाळी तुमीच नेसा की!"